नाताळचे सूर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की गोमंतकाच्या हवेत गारव्याबरोबर सूरही तरंगू लागतात. सासष्टी-बार्देशातील वाड्यावाड्यांवर कागदी नक्षत्रे उजळतात, गोठ्यांचे देखावे सजतात आणि कोठून तरी व्हायोलिनच्या साथीने चाललेल्या वृंदगानाचा सराव कानी येतो. शेजारच्या हिंदू घरी दोदोल आणि बेबिंका पोहोचण्यापूर्वी हे सूर पोहोचलेले असतात. फराळाची परतफेड आपण चतुर्थीला न चुकता करतो. सुरांचे ऋण मात्र मनोमन मानूनही क्वचितच बोलून दाखवतो.

या सुरांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जगभर गायिले जाणारे ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम ऐकले गेले ते एखाद्या भव्य कॅथेड्रलमध्ये नव्हे, तर ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावी, २४ डिसेंबर १८१८ रोजी. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची, आणि साथ केवळ एका गिटारची! पुढे १९१४ च्या नाताळात पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी तोफा थांबल्या, तेव्हा परस्परांच्या जिवावर उठलेल्या सैनिकांनी खंदकांतून नाताळची गाणी म्हटली. शस्त्रांनी जे साधले नाही ते क्षणभर का होईना, गाण्यांनी साधले.

दुसरी गंमत पाहा. ‘जिंगल बेल्स’ या गाण्यात नाताळचा उल्लेखदेखील नाही. जेम्स पियरपाँट या अमेरिकन संगीतकाराने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेले ते बर्फावरून धावणाऱ्या घोडागाडीचे गाणे आहे. १९४२ च्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटातून बिंग क्रॉस्बीच्या आवाजात घरोघरी पोहोचलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिले ते आयर्विंग बर्लिन या ज्यू संगीतकाराने. ज्यांच्या धर्मात नाताळ नाही त्यांनी नाताळचे गाणे रचावे, आणि ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही अशा गोमंतकीयांनी ते माडांच्या सावलीत तन्मयतेने म्हणावे! गाण्याला जन्म देणारा एक असतो. त्याला आपले म्हणणारे मात्र असंख्य असतात.

गोमंतकाने हे सूर केवळ उसने घेतले नाहीत. चर्चच्या आश्रयाने चाललेल्या पॅरिश शाळांतून गरीब घरच्या मुलांनाही स्वरलेखन वाचणे, व्हायोलिन वाजवणे आणि वृंदात गाणे शिकायला मिळत असे. त्या शिदोरीवर शेकडो गोमंतकीय वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील प्रसिद्ध गीतात त्यांचे नाव गुंफून शिष्याने गुरुदक्षिणाच दिली. म्हणजे जो हिंदू श्रोता नाताळचे संगीत आपले नव्हे असे समजतो, तोही आवडीची चित्रपटगीते ऐकताना याच परंपरेचे देणे उपभोगत असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांना मोकळे स्थान मिळाले आणि कोकणी भक्तिगीतांना नवा बहर आला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मात्र आज या वैभवाला एक कीड लागते आहे. ज्या अंगणात पूर्वी मुले जमून गात, तेथे आता बहुधा ध्वनिवर्धक गातो आणि माणसे केवळ ऐकतात. पुष्कळदा तर ऐकतही नाहीत. रोजगारासाठी तरुण परदेशी गेले की वृंदातील एकेक आवाज गळतो आणि त्याची जागा तयार ध्वनिमुद्रण घेते. आपल्या भजनाचीही हीच कथा नव्हे काय? वास्कोच्या श्रीदामोदर सप्ताहात अहोरात्र भजन रंगते खरे. परंतु किती घरांतील मुलांना आज टाळ धरता येतो, घुमट वाजवता येते? चर्चमधील वृंद आणि देवळातील भजनी मेळ यांवर आलेले संकट एकच आहे, आणि म्हणून त्यावरील उपायही एकमेकांच्या सहकार्यानेच शोधावा लागेल.

हा उपाय फार खर्चाचा नाही. कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्य अशा दोन्ही संगीतांचे शिक्षण मिळते. तोच कित्ता गावोगावच्या शाळांनी लहान प्रमाणात का गिरवू नये? आठवड्यातून एक तास मुलांनी सा रे ग म आणि दो रे मी शेजारी बसून गिरवले, तर दोन पिढ्यांनंतरही अंगणात माणसाचाच आवाज घुमेल.

तोपर्यंत प्रत्येकाला करण्यासारखी एक गोष्ट आहे. यंदा शेजारी नाताळगीतांचा सराव सुरू झाला की घरातील दूरदर्शनचा आवाज थोडा कमी करावा, खिडकी उघडावी आणि मन लावून ऐकावे. गाणाऱ्याला श्रोता लाभला की गाणे टिकते. आमच्या सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!