मेणबत्ती वितळण्याआधीच वाकते

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते. तिथून दिवाळी आणि पुढे नाताळपर्यंत मेणबत्त्यांचा हंगाम. घरी मेणबत्त्या करणाऱ्यांची पंचाईत होते ती उरलेल्या मालाने. जानेवारीत माळ्यावर उभी ठेवलेली मेणबत्ती जूनमध्ये कमरेत वाकलेली निघते आणि वितळल्याचा एक थेंबही कुठे दिसत नाही.

पॅराफिन मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे नगरचा उन्हाळा त्याने सोसायला हवा. पण पॅराफिन म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. वितळण्याच्या दहा-पंधरा अंश आधीच या साखळ्या जागच्या जागी फिरू लागतात, स्फटिकांची पकड सैल होते. मेण घनच राहतं, पण स्वतःचं वजन त्याला पेलत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. म्हणून मेणबत्त्या खाली, दिवाणाच्या कप्प्यात, सपाट आडव्या ठेवाव्यात. साचा भरतानाच थोडं स्टिअरिक अ‍ॅसिड घातलं तर मेण आणखी कडक होतं. ते स्वतः 69 अंशांना वितळतं.

गुंडाळायला कोरा कागद किंवा बटर पेपर घ्या. वर्तमानपत्राची शाई मेणावर उमटते. फ्रिज नकोच. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि तडा जातो.

शोकेसमध्ये मांडायची तर ऊन येणारी भिंत टाळा. अतिनील किरण रंगाचे रेणू मोडतात. व्हॅनिलाचा वास घातलेली पांढरी मेणबत्ती तर काळाबरोबर आपोआप तपकिरी होते; तिला मुळातच गडद रंग द्यावा. धूळ बसली तर जुना नायलॉनचा मोजा हलक्या हाताने फिरवा.

मधमाश्यांच्या मेणावर थंडीत पांढरी साय धरते, ती बुरशी नव्हे. मेणातले हलके घटक पृष्ठभागावर येतात; मऊ फडक्याने पुसलं की जातात. सोया मेणावरचे पांढरे डाग म्हणजे गोठताना रवाळ झालेल्या तुपाचाच प्रकार, मेणबत्ती जळायला उत्तम.

आणि वाकलेली मेणबत्ती फेकू नका. आंघोळीच्या पाण्याइतक्या गरम पाण्यात काही मिनिटं बुडवा, मऊ झाली की पोळपाटावर तळहाताने सरळ लाटा आणि तिथेच आडवी निवू द्या. घाईने गार पाण्यात मात्र टाकू नका.