पोकेमॉन रेड खेळायचंय? आधी हे वाचा

आपल्या लोहाऱ्यात काय किंवा यवतमाळात काय, पोकेमॉन बहुतेकांना कार्टून नेटवर्कवर भेटला, नाहीतर थेट 'पोकेमॉन गो'मध्ये. 1996 साली जपानमध्ये गेम बॉयवर आलेला मूळ गेम हाती पडतो तो उलट प्रवास करून, 'स्कार्लेट'सारखे नवे गेम खेळून झाल्यावर. मग चिडचिड होते.

पळता येत नाही, चालायचंच. बॅगेत फक्त 20 प्रकारच्या वस्तू. जो पोकेमॉन लढेल त्यालाच अनुभव मिळतो, बाकीचे कोरडेच. सगळ्यात वैताग बॉक्सचा: एका बॉक्समध्ये 20 पोकेमॉन. सोबतचे सहा आणि तो बॉक्स भरला, की समोर दुर्मीळ पोकेमॉन उभा असला तरी बॉल फेकताच येत नाही. आधी पीसीवर जाऊन बॉक्स बदला!

नव्या गेमचे नियमही इथे चालत नाहीत. स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स वेगळे नाहीत, एकच 'स्पेशल'. त्यामुळे सायकिक प्रकारचा अलाकझाम म्हणजे दहशत. भुताचे हल्ले सायकिकवर भारी पडायला हवेत, पण प्रोग्राममधल्या चुकीमुळे लागतच नाहीत. 'फोकस एनर्जी'ही उलटीच चालते, क्रिटिकल हिटची शक्यता घटवते.

तरी खेळाच. 151 पोकेमॉनचं हे जग आटोपशीर आहे; शिकवण्यांचा भडिमार नाही, रस्ता आपणच हुडकायचा.

पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी बल्बासोर घ्यावा, पहिल्या दोन्ही जिम सोप्या जातात. जुनेपणा अगदीच सोसवत नसेल, तर 2004 चा 'फायररेड' घ्या. त्यात पळायचे बूट मिळतात.