जहांगीरच्या तारखेआधी

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधली ‘आर्टिस्ट व्हिलेज’ ही वसाहत वास्तुकलेच्या पुस्तकांत हमखास सापडते. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ती आखली. सुमारे साडेपाचशे कुटुंबे, एकेका अंगणाभोवती सात-सात घरे, आणि कुटुंब वाढले की घरही वाढवता यावे म्हणून शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. वसाहतीच्या नावातच कलावंत आहे. पण त्याने रंगवलेले चित्र टांगायचे कुठे, याचे उत्तर शहराला अजून नीट देता आलेले नाही. नाटकासाठी वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, हस्तकलेसाठी बेलापूरचे अर्बन हाट आहे. मुंबईचे रसिक वाट वाकडी करून येतील असे कलादालन मात्र नाही. त्यामुळे इथल्या चित्रकाराची सगळी आकांक्षा हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरते आणि काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जाऊन थांबते.

१९५२ साली सुरू झालेल्या जहांगीरचा मान मोठा आहे, आणि तो खरा आहे. तिथे दालन भाड्याने मिळते, पण निवड समितीच्या चाळणीतून जावे लागते आणि मग तारखेसाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. हाती पडतो तो एक आठवडा. भाडे, फ्रेम, टेम्पो, कॅटलॉग, उद्घाटनाचा चहा असा खर्च करून बसलेल्या अनोळखी चित्रकाराकडे त्या आठवड्यात येणारे बहुतेक लोक सहज डोकावणारे असतात. म्हणून माझे म्हणणे असे की जहांगीरची तारीख कारकिर्दीच्या मध्यावर शोभते. आरंभाला तिचा उपयोग फार थोडा. आरंभ होतो समूह प्रदर्शनांत. चित्रकार हुसेन यांचेच पाहा: ते सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले, चित्रकार सूझा यांच्या नजरेत भरले आणि त्यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे दार उघडले. त्याआधी दहा वर्षे, १९३७ मध्ये, अमृता शेर-गिल यांना सुवर्णपदक मिळाले तेही याच सोसायटीचे. १८८८ पासूनची ही संस्था, १९१८ ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, राज्याच्या कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, ललित कला अकादमीचे राष्ट्रीय प्रदर्शन: इथे अर्ज करायला ओळख लागत नाही. चित्रांचे स्वच्छ फोटो, माप, माध्यम, वर्ष आणि स्वतःच्या कामाविषयी चार सरळ वाक्ये लागतात. ही वाक्ये जड शब्दांनी भरायची खोड आपल्याकडे फार आहे. परीक्षक ती वाचून कंटाळतात.

यावर जुना आक्षेप येतो: चांगले चित्र आपली वाट आपण शोधते, धावपळ कशाला? उदाहरण दिले जाते वासुदेव गायतोंडे यांचे. ते अबोल, एकांतप्रिय, आणि त्यांच्या निधनानंतर, २०१५ मध्ये, त्यांचे एक चित्र मुंबईतल्या लिलावात २९ कोटींहून अधिक किमतीला गेले. पण या एकांतप्रिय माणसाची चित्रे घरात पडून नव्हती. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली, आणि मुंबईत पंडोल गॅलरी त्यांची चित्रे सातत्याने दाखवत राहिली. माणूस गप्प बसला तरी चालते. चित्र लोकांसमोर जावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवी मुंबईत प्रदर्शन भरवले तर संग्राहक येणार नाहीत. बरोबर, पहिल्या वर्षी येणार नाहीतच. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, जवळपासचे वास्तुविशारद येतील, आणि मध्यम आकाराचे चित्र विकत घेणारा पहिला ग्राहक बहुधा त्यांच्यातच असतो. प्रदर्शनाला पर्याय म्हणून इन्स्टाग्राम सांगितले जाते. आमंत्रणाला ते उत्तम, पण रंगाचा थर आणि चित्राचा आकार तिथे कळत नाही.

कोचीकडे पाहावे. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे मुंबईत काम करणारे मल्याळी कलावंत. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या मुलखात बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन, उभे केले आणि जग तिकडे गेले. अर्थात पाठीशी केरळ सरकार होते, आणि तिथेही पैशांची चणचण भासलीच. बेलापूरला एवढा पसारा नको. चार-पाच जणांनी मिळून वर्षातून एकदा ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या जागी, निवडक चित्रे लावावीत. घेणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत ठेवावा, पावती द्यावी. किंमत घरी एक आणि गॅलरीत दुसरी असू नये, कारण खासगी गॅलरी आपला हिस्सा घेते, तो अनेकदा विक्रीच्या तिसऱ्या भागाहून कमी नसतो, आणि आपल्यामागे तेच चित्र स्वस्तात विकले गेल्याचे कळले की ती पुन्हा दारात उभे करत नाही.

सिडको आणि महापालिकेने एक नीट प्रकाशयोजनेचे, माफक भाड्याचे दालन बांधावे, ही मागणी इथल्या कलावंतांनी एकत्र येऊन लेखी करायला हवी. तोवर यंदाच्या वार्षिक प्रदर्शनांच्या मुदती पाहून अर्ज भरावेत.