हजेरीपटातला दरबार

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक म्हटलं की विनोबा भावे आठवतात. त्यांचा जन्म इथलाच, ११ सप्टेंबर १८९५चा. पण आज बोलायचंय ते त्या 'बुद्रुक'विषयी. हा फारसी 'बुजुर्ग', म्हणजे थोरला, धाकट्याला 'खुर्द'. गावाच्या नावात फारसी अशी ठाण मांडून बसलेली, मग माणसांच्या नावांत का नसेल?

इंग्रजांकडे लोहाराचा स्मिथ झाला आणि इंग्लंडात सर्वांत जास्त सापडणारं आडनाव तेच. लोहार, सुतार, कुंभार आपल्याकडेही आहेत. पण आपली खरी श्रीमंती कारकुनी आडनावांची! शेपटातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस पत्रं लिहायचा, फडणीस हिशेब, पारसनीस फारसी कागद. गडावर सबनीस जमाखर्च आणि हजेरी बघे, कारखानीस कोठारं सांभाळे. शाळेत हजेरी घ्या, अर्धा गड 'हजर' म्हणतो. पोतदार त्यात नाणी पारखायला उभाच.

खरी गंमत १६७४ची. रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव. फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही सिद्ध झाला. पदं बदलली, आडनावं मात्र हलली नाहीत. मुजुमदार आणि डबीर आजही दारावरच्या पाटीवर आहेत. महाराजांचंही न ऐकणारी मंडळी!

पद आडनावाला कसं गिळतं, याचा नमुना नाना फडणवीस. मूळ आडनाव भानू. पेशवे तर मुळात भट. आज त्यांना 'भट' म्हणून सहसा कुणी ओळखणार नाही.

एक सावधगिरी: दोन पाटील भेटले म्हणून लगेच नातं जोडू नका. पाटीलकी गावागणिक, त्यामुळे पेणकडे आगऱ्यांत पाटील, सांगली-कोल्हापूरकडे जैन-लिंगायतांत पाटील. कुलकर्ण्यांचंही तेच. कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्यानं गेली, पाटलांची १९६२च्या. वतन गेलं, पाटी राहिली.

पेणच्या याच रायगड जिल्ह्यात उलटा प्रकारही आहे. बेने इस्रायली ज्यू लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. पण आडनावं लावली ती गावांची: पेणकर, रोहेकर, दिवेकर. धंदा टोपणनावापुरताच.

आणि थेट इंग्रजी धंद्याचं आडनाव हवं असेल तर मुंबईचे पारशी. १९६१ साली कानपूरच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध आपला कप्तान होता नरी कॉन्ट्रॅक्टर, आणि यष्टींमागे पदार्पण करत होता फारुख इंजिनिअर. एवढ्या सरंजामात एखादा पूल बांधून झाला असता.

राहता राहिले देशमुख, परगण्याचे वसुली अधिकारी. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले आणि तळे गावात लहानाचे मोठे झालेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. आडनावाला इतकं जागलेला दुसरा गृहस्थ दाखवा!