दगडाच्या पोटातले विष

जपानात जिन्झू नावाची एक नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची आणि शिशाची मोठी खाण होती. हवा तो धातू काढून घेतला, की उरलेल्या टाकाऊ मातीकडे कोण पाहतो? पण त्या मातीत कॅडमियम होते. ते पाण्याबरोबर नदीत उतरले, नदीतून भातखाचरांत गेले आणि भातातून ताटात आले. खालच्या गावांतील बायकांची, त्यातही उतारवयाच्या बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने बरगडी मोडावी. ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाला नाव पडले. खाणीतले कॅडमियम हेच त्याचे कारण, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

आता वाचक म्हणतील, जपानची गोष्ट जपानात; आमच्या नांदेड-लातूरकडे कसल्या आल्यात खाणी? खरे आहे. तिकडे जस्ताची खाण नाही. पण सहा इंच रुंदीचे आणि शेकडो फूट खोल भोक पाडून दगडाच्या पोटातले पाणी वर ओढायचे, ही एक प्रकारची खाणच नव्हे काय? आणि अशा खाणी गल्लोगल्ली आहेत.

लातूरची जमीन बहुतेक काळ्या पाषाणाची. नांदेडचेही बरेचसे तसेच. पण किनवट, बिलोली, देगलूर, मुखेड या पूर्वेच्या भागात काळा पाषाण संपत जातो आणि त्याखालचा फार प्राचीन ग्रॅनाइट वर डोके काढतो. या दगडात फ्लोरिनयुक्त खनिजे असतात. पावसाचे ताजे पाणी आडात उतरते आणि लवकर उपसले जाते, त्याला दगडाशी सलगी करायला वेळ मिळत नाही. खोल भेगांत वर्षानुवर्षे कोंडलेले पाणी मात्र दगडातले फ्लोराइड हळूहळू आपल्यात घेते. फ्लोराइड हा धातू नव्हे, हे कॉलेजातली मुले लगेच सांगतील. पण त्याच्या चाली त्याच घराण्यातल्या. रंग नाही, वास नाही, चव नाही आणि मुक्काम हाडांत.

गंमत अशी, की असे पाणी पुष्कळदा गृहिणींच्या मर्जीतले असते. ज्या पाण्यात चुन्याचा अंश कमी आणि सोड्याचा जास्त, त्यातच फ्लोराइड अधिक मुरते. आणि त्याच पाण्यात साबणाला फेस छान येतो व डाळ लवकर शिजते. ‘आमच्या बोअरचे पाणी कसे गोडे आहे!’ ही प्रशस्ती म्हणूनच जरा जपून ऐकावी.

बोअर आले कुठून? १९७२ च्या दुष्काळात आड-विहिरी आटल्या, तेव्हा यंत्राने विंधलेल्या विहिरींनी लाखोंची तहान भागवली. पुढे देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क-२’ या हातपंपाचे पूर्वज तर आपलेच, जालना पंप आणि सोलापूर पंप! त्या उपकाराला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण जसजसे पाणी खाली गेले, तसतसा माणूसही त्याच्या मागे खाली गेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा खाली जाण्याची सीमा सर्वांनीच पाहिली.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक पाणी लहानपणी पोटात गेले, की नव्या दातांवर पांढुरके आणि पुढे तपकिरी आडवे पट्टे उमटतात. आयुष्याची पहिली आठ वर्षे यात महत्त्वाची, कारण कायमच्या दातांचे लुकण त्याच काळात घडते. हे डाग जोडीजोडीने, दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे दिसतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. चांगली शिकलेली मुलगी तोंडावर पदर धरून हसते, पाहुणे तंबाखू-मिश्रीचा संशय घेतात, आणि दोष असतो तिने बाळपणी प्यालेल्या पाण्याचा!

दात निदान बोलून दाखवतात; हाडे मुकी असतात. अनेक वर्षे फार जास्त फ्लोराइड पोटात गेले, तर पाठीचा कणा आणि सांधे ताठरतात. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात डॉक्टरांनी हा रोग १९३७ सालीच वर्णिला होता. गुडघे न वाकवता पायाची बोटे शिवता न येणे, हनुवटी छातीला न टेकणे ही त्याची काही लक्षणे. अर्थात ओणवे होताना कुरकुरणाऱ्या प्रत्येक पोटाळू गृहस्थाने लगेच घाबरू नये! मात्र हाडांत एकदा झालेला बदल औषधाने मागे फिरत नाही.

मग घरी काय करावे? पाणी उकळू नका, असे नाही, जंतू मरतातच. पण उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. साधी मेणबत्तीची गाळणीही येथे निरुपयोगी. ‘आर.ओ.’चे यंत्र फ्लोराइड बरेच काढते. बोअरवर अवलंबून असलेल्या घराने पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि घरात लहान मूल वा गरोदर बाई असेल तर आधीच. दूध, हिरव्या पालेभाज्या, आवळा, लिंबू यांनी शरीराला पाठबळ मिळते, परंतु तो चांगल्या पाण्याला पर्याय नव्हे. मुलांना फ्लोराइडची टूथपेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी व ती गिळू देऊ नये.

खेड्यांसाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७० नंतरच्या दशकात स्वस्त तोड शोधली: नलगोंडा पद्धत. पाण्यात ठरावीक चुना व तुरटी घालून ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. प्रमाण मात्र पाण्याच्या तपासणीवरून ठरवावे, चिमटीच्या अंदाजाने नव्हे. तळाशी बसलेल्या गाळात ते सारे फ्लोराइड असते. तो आडाच्या काठाशी किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नये, दूर खड्ड्यात पुरावा.