चिनी वनौषधी आणि आतड्यातील जिवाणू : गैरसमज व वस्तुस्थिती

चिनी वैद्यकातील वनौषधींविषयी सर्वांत खोल रुजलेला समज असा की, मुळात किंवा सालीत जे द्रव्य असते तेच काढ्यावाटे पोटात जाते, तेच रक्तात मिसळते आणि तेच गुण देते. वस्तुतः यांतील अनेक प्रमुख वनस्पतींचे घटक ग्लायकोसाइड या वर्गात मोडतात, म्हणजे त्यांच्या मूळ रेणूला शर्करेचे एक वा अनेक घटक जोडलेले असतात; असे रेणू लहान आतड्याच्या अस्तरातून फार थोडे शोषले जातात आणि बरेचसे तसेच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथील जिवाणू आपल्या विकरांनी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांनी, ही शर्करा तोडून घेतात, आणि पुष्कळदा औषधाचा गुण असतो तो मागे उरलेल्या रेणूत.

याचा अगदी नेमका पुरावा कोरफडीने दिला आहे. तिच्या पानाच्या सालीलगतचा कडू पिवळा रस आटवून केलेला, महाराष्ट्रात काळा बोळ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ चिनी वैद्यकात ‘लू हुइ’ या नावाने रेचक म्हणून वापरतात, आणि त्यात बार्बालोइन हे द्रव्य असते. १९९६ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नाही अशा निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना बार्बालोइन देऊनही जुलाब झाले नाहीत. परंतु माणसाच्या आतड्यातून मिळवलेला युबॅक्टेरियम गटातील एकच जिवाणू त्यांच्या आतड्यात वसवल्यावर त्याच द्रव्याने त्यांना तीव्र जुलाब झाले. रेचक ठरले ते जिवाणूने घडवलेले ॲलो-इमोडिन ॲन्थ्रोन. मूळ बार्बालोइन नव्हे. रेवाचिनी आणि सोनामुखी यांतील सेनोसाइडांचेही असेच रूपांतर व्हावे लागते, आणि रात्री घेतलेल्या सोनामुखीचा परिणाम सकाळी दिसण्यामागे मोठ्या आतड्यापर्यंतचा हा प्रवासही असतो.

एवढे ध्यानात घेतले की, सारख्या मात्रेचा गुण सर्वांना सारखाच येतो, हा दुसरा समज टिकत नाही. जिनसेंगमधील जिनसेनोसाइडांपासून जिवाणू ‘कंपाउंड के’ नावाचे सहज शोषले जाणारे द्रव्य तयार करतात, पण ते किती तयार होते हे माणसागणिक बदलते, कारण प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती निराळी असते आणि प्रतिजैविकांच्या एखाद्या उपचारानेही ती पालटते.

झाडपाल्याचे औषध, त्यामुळे अपायकारक नाही, हा समज मात्र सर्वांत घातक म्हटला पाहिजे. चीनमध्ये खोकल्यावर देतात त्या कडू जर्दाळूच्या बीमध्ये अमिग्डालिन असते. जिवाणूंनी ते फोडले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष सुटते, आणि जी मात्रा साध्या उंदरांना विषारी ठरते ती निर्जंतुक उंदरांना बाधत नाही, असे १९८० सालीच दिसून आले होते. ज्येष्ठमधाचा धोका अधिक छुपा आहे, कारण ते असंख्य चिनी योगांत, म्हणजे अनेक द्रव्यांच्या मिश्रणांत, घातलेले असते. त्यातील ग्लिसरायझिनपासून जिवाणू ग्लिसरेटिनिक आम्ल बनवतात. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारे विकर हे आम्ल रोखून धरते, आणि त्यामुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो.

याच्या उलट टोकाचा समजही अलीकडे पसरतो आहे, तो म्हणजे औषधाचा सारा गुण जिवाणूंचाच. हुआंग लियान या चिनी मुळीत आणि आपल्याकडील दारुहळदीत असणारे बर्बेरिन पाहावे : ते फार थोडे शोषले जाते, जिवाणू त्याचे अधिक शोषले जाणाऱ्या डायहायड्रोबर्बेरिनमध्ये रूपांतर करतात, आतड्याच्या पेशींत त्याचे पुन्हा बर्बेरिन होते, आणि शिवाय बर्बेरिन स्वतःच जिवाणूंच्या वस्तीत फेरफार घडवते. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे येथे वेगळे काढणे अवघड आहे, आणि या क्षेत्रातील बराचसा पुरावा अजून उंदरांवरील प्रयोगांतून आलेला असल्याने, केवळ विष्ठेची चाचणी करून कोणते चिनी औषध लागू पडेल हे सांगण्याच्या दाव्यांवर आज विश्वास ठेवू नये.

ज्येष्ठमध असलेला कोणताही काढा आठवडेच्या आठवडे घेणाऱ्यांनी, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांनी, रक्तदाब व पोटॅशियम तपासून घ्यावे, आणि प्रतिजैविके चालू असतील तर वैद्यांना व डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती न चुकता द्यावी.