चित्र आधी की कोड आधी?

सबमिशनचे दिवस जवळ आले की हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकवा. कोड लिहून झालेला असतो, प्रोजेक्ट कसाबसा रन होत असतो आणि ग्रुपमधला एक गडी ब्लॅक बुकसाठी क्लास डायग्रॅम काढत बसलेला असतो. म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशा! मग एक्स्टर्नलने एखाद्या चौकोनावर बोट ठेवून "हा क्लास कोडमध्ये दाखव" म्हटलं, की सगळ्यांची दांडी गुल.

यावर आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे टूलच चांगलं नाही. चित्र काढलं की कोड तयार व्हावा, कोड बदलला की चित्र बदलावं, आणि हे सगळं एडिटरमध्येच व्हावं. ही मागणी जुनी आहे. 1997 मध्ये यूएमएल प्रमाण म्हणून मान्य झाली, तेव्हा रॅशनल रोझसारखी टूल्स होती. पण चित्र एकीकडे, कोड दुसरीकडे. दोघांचा मेळ घालणं हे वेगळंच काम, आणि घाईत ते कोण करतो?

पण खरी गोम पुढेच आहे. समजा आपल्या मेसचं सॉफ्टवेअर लिहायचंय. 'मेसबिल' हा एक क्लास, त्यात अनेक 'बिलओळ'. बिल रद्द झालं की त्याच्या ओळींना अर्थ उरत नाही, म्हणून यूएमएलमध्ये बिलाच्या टोकाला भरीव काळा डायमंड काढतात. दुसरीकडे 'मेस' आणि 'विद्यार्थी'. मेस बंद पडली तरी पोरं काही नाहीशी होत नाहीत (बाहेर टपरीवर जातात!), तिथे पोकळ डायमंड. आता दोन्ही जावात लिहा. दोन्हीकडे आली साधी एक लिस्ट! काळा-पांढरा फरक कोडमध्ये उतरलाच नाही. मग कोडवरून चित्र काढणाऱ्या टूलने तो आणायचा कुठून?

व्हिज्युअल स्टुडिओ 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लास डिझायनर दिला, तो या अडचणीला वळसा घालून. त्यात वेगळं मॉडेल ठेवलंच नाही. कोड हेच मॉडेल. त्याच्या सीडी एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये मुख्यतः कुठला चौकोन कुठे ठेवलाय, उघडा आहे की मिटलेला, एवढीच माहिती. चौकोनात मेथड वाढवली की ती थेट सी शार्पच्या फाइलमध्ये. त्यामुळे चित्र शिळं होत नाही. किंमत एवढीच, की जे कोडमध्ये नाही ते चित्रातही नाही. डायमंड गेले. माझ्या मते सौदा वाईट नव्हता.

सी प्लस प्लसवाल्यांना मात्र 2008 च्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही मिळालं ते फक्त बघण्यापुरतं. हेडर वेगळा, डेफिनिशन वेगळी, वर मॅक्रो आणि टेम्प्लेट. अशा कोडमध्ये टूलने नेमकी कुठे ओळ घालायची?

एवढी वाट पाहून लोकांनी वापरलं किती? 2010 मध्ये व्हिज्युअल स्टुडिओच्या महागड्या आवृत्तीत यूएमएलचे डिझायनरही आले होते. 2017 च्या आवृत्तीत ते काढून टाकले. कारण दिलं, वापर फार कमी. क्लास डिझायनर राहिला, पण तो इन्स्टॉलरमध्ये वेगळी खूण करून घ्यावा लागतो. असो.

एफईच्या मुलांनी ब्लूजे जरूर बघावं. 1999 पासूनचं हे शिकण्यासाठीचं जावा एडिटर उघडल्यावर समोर येतात ते क्लासचे चौकोनच. एका चौकोनातून दुसऱ्याकडे इनहेरिटन्सचा बाण ओढा, कोडमध्ये एक्स्टेंड्स आपोआप लिहिलं जातं. पहिल्या सेमला इतकं पुरे.

मोठ्यांनी मात्र परफेक्ट टूलची वाट बघू नये. प्लांटयूएमएल किंवा मरमेडमध्ये चित्र माऊसने काढायचं नसतं, चार ओळी टाइप करायच्या असतात. काळ्या डायमंडसाठी एक तारा आणि दोन आडव्या रेघा, पोकळसाठी ताऱ्याऐवजी इंग्रजी ओ. मरमेडचं चित्र 2022 पासून गिटहब स्वतःच काढून दाखवतं. ही फाइल कोडच्या शेजारी ठेवा आणि क्लास बदलला की त्याच कमिटमध्ये तिची ओळही बदला. लिहायला नोटपॅड चालतो. लॅबमध्ये इन्स्टॉलेशनसाठी कुणाच्या मागे लागायला नको.